माझे अडीच इंच

माझी उंची पाच फूट सहा इंच. म्हणजे होती. अजूनही कुणी विचारलं की तोंडातून तेच निघतं, आणि मग घरातलं कुणीतरी खाकरतं.

मी शांता इंगळे. वय सदुसष्ट. ग्वाल्हेरला नई सडकेच्या एका बोळात माझं ब्लाऊज-परकर शिवायचं दुकान आहे, छत्तीस वर्षं झाली. दुकान म्हणजे दोन मशिनं, कापायचं एक टेबल, एक आरसा आणि सुमनताई. त्या सव्वीस वर्षांपासून माझ्याकडे शिवायला आहेत. आमच्या भागातल्या निम्म्या मराठी बायकांची मापं माझ्या वहीत आहेत आणि उरलेल्या निम्म्यांची मी नुसती बघून सांगते, अशी फुशारकी मी मारायचे. बाई पायरीवर चढली की मला तिचा खांदा, बाही, कंबर सगळं कळतं, असं. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढे माझी केवढी शोभा झाली ते लक्षात येईल.

आमच्या माहेरचे लोक शिंद्यांच्या फौजेबरोबर दख्खनेतून इकडे आले. लढाया संपल्या, उंची राहिली. मी चौघी बहिणींत सर्वांत उंच. माझ्या लग्नाच्या वेळी तीन स्थळं नुसत्या उंचीवरून परत गेली. एका मुलाच्या आईने तर माझ्याकडे मान वर करून बघितलं आणि चहा न घेताच उठली. चौथे आले महिपतराव. पाच फूट पाच. सिंचन खात्यात नकाशे काढायचे. माझ्या वडिलांनी चाचरत विचारलं, "मुलगी जरा उंच आहे, चालेल ना?" तर हे म्हणाले, "उत्तम. आमच्या घरातले माळे फार वर आहेत." अशा रीतीने माझं लग्न झालं आणि पुढची चाळीस वर्षं थाटीपुरच्या आमच्या घरात माळ्यावरची प्रत्येक परात मी काढली.

तेव्हा उंची हा माझा एकुलता एक दागिना होता म्हणा ना.

पाचेक वर्षांपूर्वी सगळ्या जगाने मिळून माझ्याविरुद्ध कट केला. साड्या लांब यायला लागल्या. नेसले की निऱ्या पायात यायच्या. मी म्हटलं, मिलवाल्यांनी पन्हा वाढवलाय. टोपी बाजारात जिथून मी अस्तर घेते, त्या शेठजींना मी तोंडावर सांगितलं, "आजकाल माप ढंग का नहीं आता." ते बिचारे अस्तर विकतात, साड्यांशी त्यांचा काय संबंध! पण ऐकून घेतलं.

मग परकर लांब व्हायला लागले. माझे परकर सुमनताई कापायच्या. मी त्यांना गिऱ्हाइकांसमोर झापलं, "इतकी वर्षं झाली, अजून एकोणचाळीस आणि चाळीस इंचांतला फरक कळत नाही तुम्हाला?" त्यांनी परकर उचलला, खालची पट्टी उसवली आणि परत मारून दिली.

घरी स्वयंपाकघराची दुरुस्ती झाली होती. त्यानंतर एक दिवस बघते तर मसाल्याच्या फळीपर्यंत हातच पोचेना. माझी सून गरिमा शाळेत शिकवते, गोड मुलगी आहे, पण मला खात्रीच पटली की हिने सुताराला सांगून फळी वर घेतली. मी तिला विचारलं. ती म्हणाली, "आई, फळी तिथेच आहे. सच्ची." मी संग्रामला, म्हणजे माझ्या मुलाला, बाजूला घेऊन सांगितलं की तुझी बायको मला स्वयंपाकघरातून हळूहळू बाहेर काढतेय. तो हसला. मला त्याचाही राग आला.

पाठ दुखायची ती वेगळीच. त्याला माझ्याकडे दोन उत्तरं होती. सकाळी दुखली तर गॅस, संध्याकाळी दुखली तर स्टूल. तीन स्टुलं बदलली.

खरं सांगायचं तर माझी पाळी त्रेचाळिसाव्या वर्षीच गेली होती. मला इतका आनंद झाला होता की मी दुकानात पेढे वाटले आणि कुणी कारण विचारलं तर संग्राम पास झाला म्हणून सांगितलं. त्याची परीक्षा व्हायची होती. पाळीबरोबर हाडांमधलंही काही जातं, हे मला तेव्हा कुणी सांगितलं नाही, आणि सांगितलं असतं तरी मी ऐकलं नसतं. दूध मला लहानपणापासून आवडत नाही. चहा दिवसाचे आठ कप. आणि दुकान अशा बोळात की तिथे ऊन फक्त जूनमध्ये, तेही दुपारी दहा मिनिटं येतं. हाडांनी तरी कशाच्या जोरावर टिकावं?

तीन वर्षांपूर्वी, डिसेंबरात, लग्नसराईच्या कामात मी अस्तराचा गठ्ठा जमिनीवरून उचलला. फार मोठा नव्हता. पाठीत कट्‌ असा आवाज झाला. मला वाटलं परकराची नाडी तुटली. मी आधी खाली हात लावून नाडी बघितली. नाडी जागच्या जागी होती. मग दुखायला लागलं, ते असं की श्वास घ्यायची चोरी झाली.

तरी तीन आठवडे मी पट्टा बांधून दुकानात बसले. शेवटी गरिमा म्हणाली, "आई, आता तुम्ही आल्या नाही ना, तर मी इथेच दुकानात बैठ जाऊंगी, सबके सामने." आणि मला घेऊन गेली.

डॉक्टर अवंतिका म्हणून आपल्यातलीच मुलगी होती, फार तर छत्तीस-सदतीसची. एक्स-रे बघितला आणि विचारलं, "काकू, तरुणपणी तुमची उंची किती होती?"

"होती म्हणजे काय? आहे. पाच फूट सहा."

तिने मला भिंतीशी उभं केलं, डोक्यावर पट्टी टेकवली आणि म्हणाली, "पाच फूट साडेतीन."

मी म्हटलं, "तुमची पट्टी चुकीची लागलीये."

"काकू, आत्ताच एका पेशंटला..."

"त्याची पण चुकीचीच सांगितली असणार."

आणि मी पर्समधून माझा टेप काढला. इतकी वर्षं मापं घेणाऱ्या बाईला कोण शिकवणार? गरिमाला म्हटलं, टाचेपासून धर आणि डोक्यापर्यंत ने. तिने धरला. नेला. आणि आकडा दोनदा वाचला.

"किती?"

"आई, साडेत्रेसष्ट."

"परत घे."

तिने परत घेतला. मग नर्सने घेतला. मग मी स्वतः टेपचं टोक पायाखाली दाबून, हात डोक्यावर आडवा ठेवून घेतला. साडेत्रेसष्ट इंच. बाहेर बाकावर बसलेले पाच-सहा पेशंट पडदा सरकवून बघत होते. त्यातला एक म्हणाला, "अम्माजी, फीता ठीक है."

माझे अडीच इंच गेले होते आणि मला पत्ता नव्हता. जगाचे खांदे-बाह्या मोजणारी मी, स्वतःला शेवटचं कधी मोजलं होतं तेही आठवेना.

डॉक्टरबाईंनी एक्स-रे उजेडाला लावून दाखवला. तीन मणके पुढच्या बाजूने चेपलेले होते. एक आत्ताचा, दोन जुने. हाडांची घनता बघायची तपासणी झाली, त्यात आकडा आला उणे तीन पूर्णांक चार. मी विचारलं, "पास व्हायला किती लागतात?" त्या म्हणाल्या, उणे अडीचच्या खाली गेलं की हाडं ठिसूळ म्हणतात, त्यात तुमचे मणकेही मोडलेत, म्हणजे हे जोराचंच आहे. "पाळी गेल्यावर हाड झिजतं जास्त आणि भरतं कमी. तुमची लवकर गेली. गेली वीस-बावीस वर्षं हे चाललंय, काकू."

  घर आल्यावर मी म्हटलं, "फळी तिथेच आहे ना?" ती म्हणाली, "आई, असू दे." आणि मग मात्र मला रडू आलं. मणक्यांचं नाही. त्या पोरीला मी दोन वर्षं काय काय बोलले होते त्याचं.

महिपतरावांना सांगितलं तर ते खाली बघायला लागले. मी खोदून विचारलं तेव्हा म्हणाले, "मला जाणवलं होतं गं. एकदा देवळात तुझ्या मागे उभा होतो, तर तुझा भांग वरून दिसला. चाळीस वर्षांत पहिल्यांदा."

"मग बोलला का नाहीत?"

"मला वाटलं मी वाढलो."

सत्तर वर्षांचा माणूस! आणि आपण वाढलो या आनंदात दोन वर्षं गप्प राहिला. मी रागवायला तोंड उघडलं आणि हसायलाच आलं. हसल्यावर पाठीत अशी कळ आली की हसणंही बंद.

सुमनताईंची माफी मागायला दुसऱ्या दिवशी फोन केला. फोनवर जमेना, म्हणून त्यांना घरीच बोलावलं. मी म्हटलं, "सुमनताई, परकर बरोबरच होते. मीच आखूड झाले."

त्या म्हणाल्या, "बरोबर नव्हते ते."

"म्हणजे?"

"एकोणचाळिसाचे परकर तुम्हाला लांब होतात हे मला केव्हाच दिसलं होतं. मी दर वेळी अर्धा-अर्धा इंच कमी करत होते. शेवटचा साडेसदतिसाचा कापलाय. तरी तुम्ही ओरडत होतात."

"मला सांगायचं की!"

"तुम्हाला?" एवढंच म्हणाल्या. इतक्या वर्षांचा सगळा हिशोब त्या एका शब्दात आला.

आता औषध. डॉक्टरबाईंनी आधी सुचवलं ते रोज पोटावर टोचायचं इंजेक्शन होतं. माझ्यासारखे मणके मोडलेल्यांना ते चांगलं, नवं हाड धरायला मदत करतं, असं त्यांनी नीट समजावलं. मी आयुष्यभर सुयांवर जगले, पण त्या सगळ्या कापडात टोचायच्या. स्वतःच्या पोटात रोज सुई म्हटल्यावर मला तिथेच घाम फुटला. म्हणून मग आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी ठरली. बरोबर कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व.

गोळीचे नियम सोपे होते. रविवारी उठल्यावर उपाशीपोटी घ्यायची. ग्लासभर साध्या पाण्याबरोबर. त्यानंतर अर्धा तास बसायचं किंवा उभं राहायचं, आडवं व्हायचं नाही, आणि काही खायचं-प्यायचं नाही. चहासुद्धा नाही. डॉक्टरबाईंनी दोनदा सांगितलं, गरिमाने कागदावर लिहून फ्रिजवर लावलं.

तीन रविवार मी पाळलं. अर्धा तास खोलीत येरझाऱ्या घालायचे, आणि महिपतराव पलंगावर बसून भुरके मारत चहा प्यायचे. चौथ्या रविवारी जानेवारीतलं ग्वाल्हेरचं धुकं होतं, खिडकीबाहेर समोरचं घर दिसत नव्हतं. मी विचार केला, गोळी एवढीशी. ती काय खिडकीतून बघतेय? यांच्या कपातल्या दोन घोट चहाबरोबर गिळली आणि परत रजईत शिरले. फार छान झोप लागली.

दहा वाजता छातीत आग पेटली. थुंकी गिळवेना. मी ठरवलंच की हा हार्ट अटॅक. संग्रामने गाडी काढली. मागच्या सीटवर मी महिपतरावांचा हात धरून निरवानिरव सुरू केली. "उषाताईंच्या मुलीचं लग्न पंचवीसला आहे. तिचे चार ब्लाऊज कापून ठेवलेत, हिरव्याची बाही कोपरापर्यंत. सुमनताईंना सांगा. गरिमाला माझ्या पाटल्या." महिपतराव डोळे पुसत "हो, हो" म्हणत होते. पुढून संग्राम म्हणाला, "आई, जरा चुप रहा ना, सिग्नल आहे."

इस्पितळात तारा लावल्या, रक्त घेतलं. हृदय ठणठणीत. तितक्यात डॉक्टर अवंतिका आल्या. त्यांनी वार विचारला. रविवार. मग माझ्याकडे बघून विचारलं, "काकू, सकाळची गोळी कशी घेतलीत?"

"तुम्ही सांगितली तशीच."

 मग महिपतराव घसा साफ करून म्हणाले, "माझ्या चहात दोन घोट कमी होते. आणि ही नऊपर्यंत झोपली होती."

चाळीस वर्षांच्या संसारात मला या माणसाने एकदाही कुणासमोर खोटं पाडलं नव्हतं. त्या दिवशी पाडलं, आणि बरं केलं. गोळी अन्ननलिकेत अडकून तिथे भाजल्यासारखं झालं होतं. पंधरा दिवस पातळ खिचडीवर काढले. डॉक्टरबाई रागवल्या नाहीत. त्या एवढंच म्हणाल्या, "माझ्या आजीच्या खुब्याचं हाड मोडलं होतं, काकू. बाथरूममध्ये नुसती घसरली. परत उठली नाही. मी दहावीत होते." मग कागदावर लिहायला लागल्या.  

गोळी बंद झाली. त्याऐवजी वर्षातून एकदा शिरेतून द्यायचं औषध ठरलं. त्याआधी मूत्रपिंडाची तपासणी, कॅल्शियमची तपासणी, आणि दाताच्या डॉक्टरकडे जाऊन एक किडलेली दाढ काढणं, कारण हे औषध घेतल्यावर दाढ काढली तर जबडा नीट भरत नाही म्हणे. दाढेची जखम भरेपर्यंत थांबलो. औषध जायला अर्धा तासही लागला नाही. नर्सने सांगितलं, पहिल्या वेळी एक-दोन दिवस ताप येतो, अंग दुखतं, पाणी भरपूर प्या, तापाची गोळी घ्या. मी म्हटलं, "आम्ही फौजी घराण्यातल्या. आम्हाला नाही येत."

दुसऱ्या दिवशी एकशे दोन ताप. फौजी घराणं रजईत कण्हत पडलं होतं आणि गरिमा कपाळावर घड्या ठेवत होती. हसू दाबताना तिचे गाल हलत होते ते मला दिसलं. तिसऱ्या दिवशी ताप उतरला.

मग घरातल्या सतरंज्या, पायपुसणी सगळी गेली. बाथरूममध्ये धरायला दांडा आला. अकराच्या सुमाराला गच्चीवर ऊन. भिंतीला पाठ लावून ताठ उभं राहायचं, टाचा उचलायच्या, हे व्यायाम शिकवायला एक बाई यायच्या. समोरच्या गच्चीवरचे लोक पहिले काही दिवस बघायचे. त्यांना वाटलं, मला घरातल्यांनी शिक्षा केलीये.

या सगळ्यात एकच गोष्ट जड गेली. व्यायामाच्या बाईंनी विचारलं, दिवसभर काय करता? मी टेबलावर वाकून कापड कापून दाखवलं. त्या म्हणाल्या, हे नको. पुढे वाकणंच तुमच्या मणक्यांना वाईट.

शिवण कुणीही शिवतं. दुकानाचा मालक तो, ज्याच्या हातात कात्री. तोवर मी कात्री दुसऱ्याच्या हातात दिली ती फक्त परकरांपुरती. चार दिवस मी दुकानात गेलेच नाही. पाचव्या दिवशी गेले आणि कात्री सुमनताईंच्या पुढे ठेवली. त्यांनी ती उचलली नाही. म्हणाल्या, "टेबलाखाली विटा घालू. उंच करू. तुम्ही ताठ उभं राहून कापा." आम्ही चार पायांखाली विटा रचल्या. मला बरोबर झालं, आता सुमनताईंना पोचेना. त्या पाच फुटांच्याही नाहीत. शेवटी ठरलं की मी टेबलाशी उभं राहून माप सांगायचं आणि खुणा करायच्या, आणि त्यांनी पाटावर चढून कापायचं. पहिला महिना आम्ही इतक्या भांडलो की बोळातले लोक ऐकायला थांबायचे. पण सच सांगते, त्यांचा हात माझ्यापेक्षा साफ आहे. हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.

दोन डोस झाले. दोन वर्षांनी तपासणी केली तेव्हा आकडा उणे तीनवर आला होता. डॉक्टरबाई खूश झाल्या. मी विचारलं, "मग उंची?" त्या म्हणाल्या, "गेलेली नाही येत, काकू. पण नवीन गेली नाही, तुमचा कुठला मणकाही मोडला नाही. हे खूप आहे." साडेत्रेसष्ट ते साडेत्रेसष्ट. नंतर तिसराही झाला, चौथा डोस या थंडीत आहे.

आता माझ्या अंगात डॉक्टर शिरला. एक गोष्ट मला धंद्यामुळे माहीत होती, पण डोक्यात शिरली नव्हती. बाईला पोक यायला लागलं की ब्लाऊजची पाठ वाढवावी लागते आणि पुढचा भाग कमी करावा लागतो. मी कित्येक वर्षं साठीच्या बायकांना असं वाढवून देत होते आणि "वय झालं" म्हणत होते. मापांची वही काढून बसले तर अकरा गिऱ्हाइकं अशी निघाली. मी एकेकीला सांगायला सुरुवात केली. पहिल्या शालिनीताई. निवृत्त मुख्याध्यापिका, बासष्टच्या. मी म्हटलं, "शालिनीताई, तुमची पाठ चार वर्षांत एक इंचाने वाढलीये. हाडांची तपासणी करून घ्या." त्या इतक्या संतापल्या की ब्लाऊज न घेताच गेल्या.

तीन आठवड्यांनी परत आल्या. हातात रिपोर्ट. टेबलावर आपटला. "वाच."

मी वाचला. उणे शून्य पूर्णांक सहा. हाडं माझ्या सुनेला लाजवतील अशी.

"आता ब्लाऊज घालून दाखवते," त्या म्हणाल्या आणि पडद्यामागे गेल्या. बाहेर आल्या तेव्हा पाठीवर कापड फुगून उभं राहिलं होतं. सुमनताईंनी पाटावरून वाकून बघितलं, वही उघडली, आणि शांतपणे म्हणाल्या, "शांताताई, पाठीचं माप पंधरा नाही, चौदा लिहिलंय. तुमचंच अक्षर आहे."

उरलेल्या दहाजणींपैकी चौघी तपासणीला गेल्या. दोघींची हाडं ठिसूळ निघाली, त्यांचं औषध सुरू आहे. एक रोज पोटावर इंजेक्शन घेते आणि मला फोन करून सांगते की काही दुखत नाही. शालिनीताईंचं ब्लाऊज मी त्याच दिवशी उसवून, परत शिवून, इस्त्री करून त्यांच्या घरी पोचवलं. त्यांनी घालून बघितलं, आरशात पाठ वळवून पाहिली, आणि म्हणाल्या, "बाही अजून ढगळ आहे."